उरलेल्या तुकड्यांची गोधडी: निवडीपासून शेवटच्या टाक्यापर्यंत

घरात शिवणकाम होत असो वा नसो, कापडाचे तुकडे साठतातच. शिंप्याने ब्लाउजसोबत परत दिलेली पट्टी, विरलेल्या साडीचे अजून शाबूत असलेले काठ, बाळाची आखूड झालेली झबली, बाही कापल्यावर उरलेला भाग, आणि ओटीत आलेले, कोणाच्याच उपयोगी न पडता घरोघर फिरणारे ब्लाउजपीस हे सगळे टाकवत नाही म्हणून पिशवीत जाते आणि पिशवी माळ्यावर जाते. ते बाहेर काढून काही करावे असे ठरवले, की बहुतेकांची नजर प्रथम परदेशी पद्धतीच्या पॅचवर्ककडे वळते. त्या पद्धतीत तुकडे मोजून चौकोनात कापावे लागतात, एकमेकांना अचूक जोडावे लागतात आणि मध्ये भरण्यासाठी विकतचा थर आणावा लागतो. तुकडे वेड्यावाकड्या आकाराचे असले, की हे काम तिथेच अडते.

आपल्याकडच्या गोधडीची रीत याहून वेगळी आहे. तिच्यात तुकडे एकमेकांना जोडायचे नसतात. जुन्या साडीचे किंवा धोतराचे मोठे कापड खाली अंथरायचे, त्यावर तुकडे त्यांच्या आहे त्या आकारात मांडायचे आणि सगळ्यावरून धावदोरा, म्हणजे सुई खालीवर नेत घातलेले साधे सरळ टाके, घालत जायचे. तोच दोरा तुकडा बसवतो, थर एकमेकांना धरून ठेवतो आणि नक्षीही उमटवतो. त्यामुळे कापण्यात ढिलाई चालते. मात्र कापडाच्या निवडीत आणि थरांच्या ताणात ती अजिबात चालत नाही. गोधडी बिघडते ती प्रामुख्याने या दोन ठिकाणी, म्हणून पुढील लेखनाचा बराचसा भाग त्यांनाच दिला आहे.

निवड: रंगावरून नव्हे, पोतावरून

पिशवी जमिनीवर उपडी केली, की हात आपोआप रंग जुळवू लागतात. तो मोह आवरावा आणि आधी कापडाच्या जातीप्रमाणे ढीग करावेत. साडी, पॉपलीन, कॅम्ब्रिक, रुबिया, मांजरपाट अशा पातळ ते मध्यम सुती कापडांचा एक ढीग. जीन्स, पडदे, चादरी यांच्या जाड सुती तुकड्यांचा दुसरा. रेशमी आणि जरीचे तिसऱ्यात. जॉर्जेट, नायलॉन, पॉलिएस्टर चौथ्यात. आणि टी-शर्टसारखे ताणणारे होजिअरी कापड पाचव्यात. गोधडीसाठी फक्त पहिला ढीग घ्यावा. जाड आणि पातळ तुकडे शेजारी शेजारी बसवले, तर प्रत्येक धुण्यात जाड तुकडा पातळाला खेचतो आणि काही महिन्यांत पातळ कापड टाक्यांच्या रेषेवर फाटते. ताणणारे कापड सपाट मांडले तरी शिवताना सरकते. पॉलिएस्टर पाणी आणि घाम शोषत नाही, त्यामुळे अंगाखाली घ्यायच्या वस्तूत ते नकोसे होते.

एखादा तुकडा सुती आहे की मिश्र, हे हाताला कळले नाही, तर त्याच्या कडेचे दोन-चार धागे काढून चिमट्यात धरावेत आणि मोरीत, पाण्याची बादली जवळ ठेवून, पेटवून पाहावेत. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि त्याची मऊ राखाडी राख होते. पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी बनतो. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. मिश्र कापडात राख आणि मणी दोन्ही दिसतात. ओटीतले ब्लाउजपीस बहुधा याच वर्गात मोडतात, त्यामुळे त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. ते पिशवीच्या अस्तराला ठीक असतात.

तुकडा अजून टिकाऊ आहे का, हेही पाहावे. तो दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून उभ्या आणि आडव्या धाग्याच्या दिशेने झटका द्यावा. चर्र असा आवाज आला किंवा धागे फाकले, तर तो तुकडा वरच्या बाजूला लावू नये. आतल्या थरात मात्र तो चालतो. विरलेल्या साडीचा मधला भाग असाच आत घालतात, आणि पदराचा व काठाजवळचा घट्ट भाग वर येतो.

आकाराचा निकषही येथेच लावून घ्यावा. तळहाताएवढा किंवा त्याहून मोठा तुकडा गोधडीला, लांब पण अरुंद पट्ट्या पायपुसण्याला आणि त्याहून बारीक चिंध्या भरणासाठी, अशी वाटणी केली की काम सुटसुटीत होते.

शिवण्याआधीचे धुणे

नवे सुती कापड पहिल्या धुण्यात साधारण ३ ते ५ टक्के आटते, आणि जुनी साडी तेवढी आटत नाही. दोन्ही न धुता एकत्र शिवले, तर पहिल्याच धुण्यानंतर जुन्या कापडाच्या चुण्या पडतात. म्हणून प्रत्येक नवा तुकडा कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून, चोळून, सावलीत वाळवावा. त्यातली खळही यामुळे निघते; खळीचे कापड सुईला कडक लागते आणि बोटे दुखवते.

लाल, गडद निळा, मरून आणि काळा यांचा रंग जातो का, ते प्रत्येक तुकड्यापुरते तपासावे. ओल्या पांढऱ्या फडक्याने तो जोरात घासावा. फडक्यावर रंग उतरला, तर तुकडा वेगळा दोन-तीनदा धुऊन पुन्हा घासावा, आणि तरीही उतरत राहिला तर तो बाजूला ठेवावा. मिठाच्या पाण्यात बुडवल्यावर रंग पक्का होतो असे घरोघर सांगितले जाते, पण कारखान्यात रंगवून आलेल्या कापडावर या उपायाचा भरवसा धरता येत नाही. फिकट सुती गोधडीवर एक कच्चा लाल तुकडा पसरला, तर पुढे काहीच करता येत नाही.

वाळलेले तुकडे इस्त्री करून घ्यावेत. हे काम कंटाळवाणे असले तरी टाळू नये, कारण पुढे कडा दुमडताना याचा फायदा होतो.

माप आणि पाया

पहिली गोधडी लहान करावी. बाळाच्या अंगाखाली घालायची ७५ बाय ९० सेंटिमीटरची गोधडी शिकण्यासाठी योग्य आहे. ती अंगाखालीच वापरावी. तान्ह्या बाळाच्या अंगावर झोपेत जड पांघरूण घालणे सुरक्षित नसते. तिच्यावर टिकल्या, मणी, बटणे किंवा जर लावू नये.

सहावारी साडी सुमारे साडेपाच मीटर लांब आणि ११० ते ११५ सेंटिमीटर रुंद असते. या गोधडीला तीन थर पुरतात: दोन थर ७५ बाय ९०चे आणि सर्वांत खालचा ८३ बाय ९८चा, म्हणजे चारही बाजूंनी ४ सेंटिमीटर जास्त. हा जास्तीचा भाग शेवटी वर दुमडून गोट, म्हणजे कडेची पट्टी, करायचा आहे. एवढ्यासाठी अर्धी साडी लागते. मोठ्या माणसाच्या, सुमारे ११० बाय २१५च्या गोधडीला मात्र अख्खी साडी घेऊनही दोनच थर निघतात. थंडीची हवी असेल तर दुसरी साडी लागेल. पाच-सहा थरांच्या पुढे हाताची सुई सहज जात नाही, हे लक्षात ठेवून थर ठरवावेत.

दोऱ्याचा अंदाज आधीच करता येतो. ओळींमध्ये दीड सेंटिमीटर अंतर ठेवले, तर लहान गोधडीवर एकूण सुमारे ४५ मीटर लांबीचा धावदोरा पडतो, आणि मोठीवर दीडशे मीटरहून अधिक. टाका खालीवर जात असल्याने प्रत्यक्षात त्याहून चतुर्थांश तरी दोरा जास्त लागतो, आणि तो दुपदरी घेतला तर हिशेब दुप्पट होतो. मशीनच्या साध्या रिळाचा दोरा एकपदरी कमकुवत पडतो. तो दुपदरी घ्यावा किंवा भरतकामाचा जाडसर सुती दोरा घ्यावा. पॉलिएस्टरचा दोरा मजबूत असतो खरा, पण मऊ झालेल्या जुन्या कापडाला तो कालांतराने कापतो. सुई लांब आणि मोठ्या नेढ्याची हवी. पोती शिवायचे दाभण यासाठी नाही. मधल्या बोटात अंगुस्तान, म्हणजे सुईपासून बोट वाचवणारी टोपी, घालायची सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

थर अंथरणे

स्वच्छ पुसलेल्या फरशीवर खालचा मोठा थर उलट बाजू वर करून पसरावा. त्याच्या कडा चिकटपट्टीने फरशीला चिकटवाव्यात. कापड सपाट व्हावे, पण डफासारखे ताणले जाऊ नये. ताणून चिकटवलेले कापड पट्टी काढताच आखडते आणि वरचे थर फुगतात. त्यावर मधले दोन थर एकेक करून, मधून कडेकडे हात फिरवत, हवा बाहेर काढत अंथरावेत. सर्व थरांचे उभे धागे एकाच दिशेला असावेत.

तुकड्यांची मांडणी

मांडणी एका कोपऱ्यातून सुरू करावी. पहिला तुकडा कोपऱ्याला लावून ठेवावा. त्याच्या कडा दुमडण्याची गरज नाही. दुसऱ्या तुकड्याची पहिल्याला लागणारी कड सुमारे पाऊण सेंटिमीटर आत दुमडून नखाने किंवा इस्त्रीने दाबावी आणि तो पहिल्यावर दीड सेंटिमीटर चढवून ठेवावा. अशा रीतीने प्रत्येक नव्या तुकड्याची दुमडलेली कड आधीच्याची उघडी कड झाकते, आणि दुमडण्याचे काम निम्म्याने कमी होते. दीड सेंटिमीटरपेक्षा कमी चढवले तर पुढे धुण्यात धागे निघून भोक पडते.

तिरके कापलेले, म्हणजे उरेब कड असलेले तुकडे ताणतात. ते मांडताना ओढू नयेत. अलगद ठेवून लगेच टाचणी लावावी. त्यांची उरेब बाजू शेजारच्या तुकड्याखाली जाईल अशी व्यवस्था केली तर त्रास वाचतो.

रंगांचा विचार करण्याची वेळ आता येते. सगळे गडद तुकडे एका बाजूला जमले आहेत का हे उभे राहून पाहावे, किंवा मोबाईलवर काळापांढरा फोटो काढावा. रंग निघून गेल्यावर गडद-फिकटाचा तोल चटकन दिसतो. फार नीटस मांडणीच्या मागे लागू नये, असे माझे मत आहे. गोधडीत एखादा तुकडा सगळ्यांपेक्षा वेगळा असणे तिला शोभते. उत्तर कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी स्त्रिया ज्या कवंदी, म्हणजे त्यांच्याकडच्या गोधड्या, शिवतात, त्यांत रंगांची ही मुक्तता पाहण्यासारखी असते. त्यांची गोधडीही कडेकडून आत शिवत नेली जाते, आणि चारही कोपऱ्यांना घड्या घातलेल्या कापडाचे, फुला म्हणून ओळखले जाणारे त्रिकोणी गुच्छ लावल्याखेरीज ती पूर्ण मानत नाहीत.

टाचणे

मांडणी मनासारखी झाली, की सर्व थर कच्च्या टाक्यांनी टाचून घ्यावेत. हे टाके चार-पाच सेंटिमीटर लांब असावेत आणि मध्यापासून कोपऱ्यांकडे व बाजूंकडे जावेत. मग त्यांच्या मधल्या जागेत, हातभर मोठी गोधडी असेल तर प्रत्येक वीतभर अंतरावर, आणखी ओळी घालाव्यात. पक्की शिवण कडेकडून आत जाणार आहे, त्यामुळे थरांतील सैलपणा ढकलला जात शेवटी मध्यभागी गोळा होतो आणि गोधडीला पोट येते. मध्यापासून घातलेले कच्चे टाके हा सैलपणा आधीच बाहेर काढतात. कच्च्या टाक्यांत कसर केलेली गोधडी दूरून ओळखू येते.

यानंतर चिकटपट्ट्या काढून खालच्या थराचा ४ सेंटिमीटरचा भाग वर घ्यावा. त्याची १ सेंटिमीटर कड आत दुमडावी आणि उरलेली पट्टी तुकड्यांच्या उघड्या कडांवर बसवून टाचावी. कोपऱ्यावर आधी टोक तिरके आत दुमडावे, मग दोन्ही बाजू घ्याव्यात, म्हणजे तेथे जाड गाठोडे होत नाही. साडीचा काठ शाबूत असेल तर गोटासाठी त्याचीच वेगळी पट्टी लावता येते. ती अधिक टिकते आणि दिसतेही छान.

धावदोरा

दोरा हातभर घ्यावा. त्याहून लांब दोरा गुंततो आणि वारंवार ओढला गेल्याने घासून विरतो. मेणावरून एकदा ओढला तर तो गाठी मारत नाही. सुरुवातीची गाठ थरांच्या मध्ये लपवावी: सुई वरच्या थरातून दोन सेंटिमीटर आधी घालून गोटाच्या कडेशी बाहेर काढावी आणि हलका झटका द्यावा, की गाठ आत सरकते.

पहिली ओळ गोटाच्या आतल्या कडेलगत चारही बाजूंनी घालावी. दुसरी ओळ गोटावर, बाहेरच्या बाजूला. त्यानंतर आत वळावे आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपासून बोटभर, म्हणजे साधारण दीड सेंटिमीटर अंतरावर ठेवत चौकोनात चौकोन घालत मध्याकडे जावे. टाका ४ ते ६ मिलिमीटरचा असावा. सुईवर एका वेळी तीन-चार टाके घेऊन मग दोरा ओढावा, डावा हात गोधडीखाली ठेवून सुईचे टोक प्रत्येक वेळी बोटाला लागते का ते पाहावे. ते लागले नाही तर सुई खालच्या थरापर्यंत गेलेली नाही. दोरा इतकाच ओढावा की कापडावर बारीक खळगी दिसेल. चुण्या पडू लागल्या तर तो सैल सोडावा.

वाटेत तुकड्याची दुमडलेली कड ओळींच्या मध्येच आली, तर ती मोकळी राहते. अशा कडेवर वेगळी छोटी ओळ घालून मग मूळ ओळीवर परत यावे. ही काळजी न घेतल्यास बाळाच्या पायाचे बोट त्या फटीत अडकते.

मध्याकडे येताना फुगवटा दिसलाच, तर त्या भागातले कच्चे टाके उसवावेत, जवळच्या तुकड्याची कड उचलून तिच्याखाली बारीक चुणी घ्यावी आणि कड पुन्हा बसवावी. शेवटी दोरा संपवताना दोन उलट्या टिपा घेऊन सुई थरांमधून लांब नेऊन बाहेर काढावी व दोरा कापावा. मग सारे कच्चे टाके काढून टाकावेत.

मशीनवरही हे काम होते, पण थर सरकतात. कच्चे टाके दुप्पट दाट घालावेत, टीप लांब ठेवावी आणि एकाच दिशेने शिवावे. मशीनची गोधडी कडक होते, त्यामुळे ती अंथरायला बरी, पांघरायला नाही.

गोधडीत न बसणारे तुकडे

लांब पट्ट्यांचे वेणीचे पायपुसणे करावे. जाड सुती आणि होजिअरी कापड येथे उत्तम चालते. पट्ट्या ४ सेंटिमीटर रुंद फाडाव्यात. दोन पट्ट्या जोडताना सुईदोरा लागत नाही: दोघींच्या टोकाला बारीक चीर द्यावी, दुसरीचे टोक पहिलीच्या चिरेतून ओवावे आणि दुसरीचे शेपूट तिच्याच चिरेतून ओढून घ्यावे, म्हणजे घट्ट, चपटी गाठ बसते. तिन्ही पट्ट्या वेगवेगळ्या लांबीच्या ठेवाव्यात, नाहीतर तिन्ही गाठी एकाच जागी येऊन वेणीला गुठळी होते.

वेणी अडीच सेंटिमीटर रुंद झाली, तर ६० बाय ४० सेंटिमीटरच्या लंबगोल पायपुसण्याला साडेसात मीटर वेणी लागते. वेणी घालताना लांबी कमी होते, म्हणून प्रत्येक पट्टी एकूण १० मीटरच्या आसपास धरावी. सुरुवातीचा सरळ भाग २० सेंटिमीटर ठेवावा, कारण लांबी आणि रुंदी यांतला फरक तेवढाच आहे. शिवताना वेणी टेबलावर सपाट ठेवावी. मांडीवर घेऊन शिवले तर बाहेरचे वेढे आवळले जातात आणि पायपुसण्याची वाटी होते. वळणावर वेणी किंचित सैल सोडावी, सरळ भागात नाही.

गरम भांडी उचलायची फडकी निव्वळ सुती तुकड्यांचीच करावीत. पाच-सहा थर, धावदोरा दाट. एकही सिंथेटिक तुकडा आत चालणार नाही, तो वितळून हाताला चिकटू शकतो.

रेशमी काठ आणि खणाचे तुकडे बटवा, तोरण किंवा पिशवीच्या पट्ट्याला जातात. जुने रेशीम घडीवर चिरते, म्हणून त्याला मागून पातळ सुती अस्तर द्यावे आणि टाका कापडाच्या कडेपासून थोडा आत घ्यावा. जीन्सचे तुकडे बाजाराच्या पिशवीच्या तळाला सर्वोत्तम. मशीनवर शिवायचे तर १६ नंबरची सुई लावावी.

यातूनही उरलेल्या चिंध्या आणखी बारीक कापून उशीत किंवा बैठकीच्या गादीत भराव्यात. मोठे तुकडे तसेच भरले तर गोळे होतात. चिंध्यांची उशी कापसाच्या उशीपेक्षा बरीच जड होते, त्यामुळे ती डोक्याखाली न घेता पाठीला टेकायला वापरावी. वरून काढता येणारा अभ्रा अवश्य शिवावा, कारण आतले भरण पुन्हा पुन्हा धुता येत नाही.

धुणे आणि दुरुस्ती

नव्या गोधडीचे पहिले धुणे थंड पाण्यात, एकटीचे करावे. पिळू नये, ओली गोधडी जड होते आणि पिळल्यावर टाके तुटतात. बादलीतून काढून आधी निथळू द्यावी आणि एका दोरीवर लटकवण्याऐवजी दोन दोऱ्यांवर आडवी टाकून उन्हात वाळवावी. रंगीत बाजू खाली ठेवावी.

वर्षा-दोन वर्षांनी एखादा तुकडा विरला, की तो काढत बसू नये. त्याच्यावर थोडा मोठा नवा तुकडा कडा दुमडून ठेवावा आणि जुन्या ओळींवरूनच धावदोरा घालावा, म्हणजे ठिगळ मूळ नक्षीत मिसळते. सगळीच गोधडी विरली असेल तर दोन्ही बाजूंना पातळ साडी लावून पुन्हा शिवावी. मात्र या वेळी ओळींमध्ये दोन बोटे अंतर ठेवावे, कारण आतले जुने टाके अजून काम करत असतात आणि दाट शिवले तर सुई पुढे सरकत नाही.